तिसरा किलोवॅट

अंबाजोगाई,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. केदार यास,

सोलरच्या कोटेशनचा तुझा पीडीएफ आणि त्यासोबतचा पाऊण मिनिटाचा निरोप बुधवारीच पोचला. पण गुरुवारी पौर्णिमा, देवीचं नवरात्र उठायचं, घरात सात पाहुणे. कोटेशन वाचायला चष्मा सापडला तो काल. "आत्या, पाच किलोवॅट घेऊ का? तो म्हणतो बिल झिरो होईल," एवढंच तू विचारलंस. उत्तर अंगठ्याने टाइप करण्याजोगं नाही, हातच्याचे हिशेब आहेत, म्हणून कागद घेतला. शेजारचा मुलगा फोटो काढून पाठवील, मूळ पत्र पोस्टाने येईल. ते बिलांच्या फाइलीत लाव.

कोटेशन मी दोनदा वाचलं. त्यात तुझ्या गच्चीचे चौरस फूट आहेत, दिशा आहे, गच्चीच्या फोटोवर निळी पॅनेलं चिकटवलेली आहेत, पंचवीस वर्षांत किती झाडं वाचतील तेसुद्धा आहे. तुमचं घर महिन्याला किती वीज वापरतं, हे चार पानांत कुठेही नाही. शिंपी घरी आला, कपाटाचं माप घेऊन गेला आणि त्या मापाचा सदरा शिवतो म्हणाला, असला हा प्रकार.

माझं मत आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा केलास तरी चालेल. दोन किलोवॅट बसव. पाच अजिबात नको. तिसरा किलोवॅट, घरात एसी किंवा विजेची स्कूटर दोन वर्षांत नक्की येणार असेल तरच. आता कारणं.

तू फोनवर सरासरी २८० युनिट म्हणाला होतास. दर मी २०२४-२५ चे घेते, कारण अख्ख्या आर्थिक वर्षाची बिलं माझ्याकडे त्याच दरांची लावलेली आहेत. १ जुलै २०२५ पासून वीज नियामक आयोगाने दर बदलले, त्यामुळे पैशांचे आकडे थोडे हलतील. दरांच्या जिन्याची चढण तशीच आहे. त्या वर्षी महावितरणच्या घरगुती ग्राहकाला वहन आकार धरून पहिल्या १०० युनिटांना ५ रुपये ८८ पैसे पडत, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे, आणि ५०० च्या पुढे १७ रुपये ८१ पैसे. शंभरावं युनिट आणि एकशे एकावं युनिट एकाच तारेतून, पाठोपाठ घरात येतात, आणि पाठच्या भावंडाला जवळजवळ दुप्पट पैसे! यावर सव्वाशेच्या घरातला स्थिर आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो बाजूला ठेवू.

तुझे २८० युनिट म्हणजे पहिल्या शंभराचे ५८८ रुपये आणि पुढच्या १८० चे २,०६३. स्थिर आकार १२८ धरला आणि शुल्क चढवलं की ३,२२३ रुपये होतात. तुझ्या त्या वर्षीच्या बिलाशी ताडून बघ. इंधन आकार सोडला तर फार फरक पडू नये.

आता एकेक किलोवॅट गच्चीवर चढवू. आपल्या भागात एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतो, म्हणजे महिन्याला १२०. पहिला किलोवॅट चढला की २८० चे १६० होतात. जे १२० युनिट गेले ते सगळेच्या सगळे ११ रुपये ४६ पैशांचे होते. शुल्कासकट महिन्याला सुमारे १,५९५ रुपये वाचले. दुसरा चढला, १६० चे ४० झाले. या खेपेला ६० युनिट महाग पायरीवरचे गेले आणि ६० स्वस्त पायरीवरचे; बचत सुमारे १,२०७. तिसरा चढवला, तर काढायला आता ४० युनिटच उरले आहेत, तेही ५ रुपये ८८ पैशांचे. बचत २७३ रुपये. मी शाळेत असते तर हे फळ्यावर तीन ओळींत लिहून खाली दुहेरी रेघ मारली असती: १,५९५, १,२०७, २७३. चौथ्या-पाचव्याचं काय होईल ते तूच सांग. तुझा सेल्समन पाचही किलोवॅटना एकाच भावाने गुणून "महिन्याला सहाशे युनिट" म्हणतो. तयार सहाशे होतील हे खरं. वापरणार कोण?

खर्चाची बाजू. पंतप्रधान सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० वर गाडी थांबते. पाच बसव की दहा, ७८,०००च. इकडे मिळालेल्या कोटेशनांत किलोवॅटला साठ ते सत्तर हजार दिसतात. मधला आकडा पासष्ट धरू. दुसऱ्या किलोवॅटला अनुदान वजा जाता ३५,००० पडले, महिन्याला १,२०७ वाचतात, एकोणतीस महिन्यांत पैसे वसूल. पहिल्याचे त्याहून लवकर. तिसरा आपण स्वस्तातच धरू, पंचावन्न हजारांना. अनुदान काढून ३७,०००. महिन्याला २७३ ने ते फिटायला अकरा वर्षं. उरलेल्या युनिटांचे मार्चअखेर पैसे मिळतात हे मला ठाऊक आहे, पण ते घाऊक भावाने. तू घेतोस त्या भावाने वीज कुणी तुझ्याकडून विकत घेत नाही. तेही जमेला धरले तर काळ कमी होतो, तरी दुसऱ्या किलोवॅटच्या जवळपासही तो जात नाही.

हे सगळं वाचताना तुझे आतोबा बाजूला बसून म्हणाले, "त्याला एन्रॉन सांग." सांगते. तू तेव्हा चौथीत होतास. गुहागरजवळ एन्रॉन कंपनीचा दाभोळचा वीज प्रकल्प उभा राहिला, त्याचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला, आणि दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, राज्य वीज मंडळाने तिथली वीज घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीने त्या कराराची चिरफाड केली ती त्याच वर्षी. लोकांना विजेचा चढा दर आठवतो. आतोबांना आठवतं ते दुसरंच: करारात क्षमतेचे पैसे बांधून घातले होते, वीज घ्या अगर न घ्या. राज्याला तेव्हा लागणाऱ्या विजेचा अंदाज फुगवून केला होता. गच्चीवर तीन किलोवॅट जास्तीचे बसवणारा माणूस तोच करार स्वतःशी करतो. फक्त त्याची चौकशी समिती बसत नाही.

"बिल झिरो" बद्दल. ते होत नसतं. वापर शून्यावर आणलास तरी स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क येणारच, दीडशेच्या आसपास. यावर आपल्या गल्लीतले सोलरवाले फार कुरकुर करतात. मला ती कुरकुर पटत नाही. दुपारी बारा वाजता तुझी पॅनेलं तासाला दीड युनिट करत असतील तेव्हा तुम्ही दोघं ऑफिसात. ती वीज तारेवरून शेजाऱ्याकडे जाते. रात्री तुम्हाला लागते तेव्हा तारेवरूनच परत येते. नेट मीटर ही वाण्याची वही आहे: दिवसा जमा, रात्री नावे, महिन्याकाठी वजाबाकी, शिल्लक पुढच्या महिन्यात, आणि मार्चअखेर वही बंद. एवढी मोठी कोठी कुणी दीडशे रुपयांत वापरू देत असेल तर त्याला शिव्या देऊ नयेत. तेवढी बॅटरी घरात ठेवायची म्हटली तर किंमत विचारून बघ.

मात्र ही वही आज आहे तशीच कायम राहील असं मानू नकोस. वारा कुठल्या दिशेने आहे ते दिसतंच आहे. जुलै २०२५ पासून, ज्यांच्याकडे वेळेनुसार मोजणारा मीटर आहे अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ऐंशी पैशांपासून पुढे सवलत सुरू झाली. कारखान्यांना तर संध्याकाळची वीज चढ्या भावानेच घ्यावी लागते. दिवसा राज्यात सौर वीज भरपूर, सूर्य मावळला की टंचाई; तेव्हा दुपारचं युनिट आणि रात्रीचं युनिट एकाच तागडीत किती दिवस तोलतील? म्हणून आतापासून सवय लाव. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, गीझर असेल तर गीझर, सगळं टायमर लावून दिवसा. आमची सूनबाई मुग्धा म्हणेल आत्यांना काय जातंय सांगायला. तिला म्हणावं, टायमर दोन-चारशे रुपयांना मिळतो आणि सासूबाईंपेक्षा कमी बोलतो.

आणखी एक गोष्ट सेल्समन सांगत नाही, विचारलं तर मान हलवतो. लाइट गेली की सोलरही बंद. भर दुपारी, ऊन रणरणत असताना, पंखा थांबतो. आमच्याकडे पहिल्यांदा झालं तेव्हा मी सोलर बसवणाऱ्याला फोन करून फाडफाड बोलले होते. मग आतोबांनी मला गप्प केलं. तारेत वीज नसेल तेव्हा दुरुस्तीला खांबावर चढलेला वायरमन ती तार मेलेली समजतो. तुझी गच्ची त्याच वेळी तारेत वीज ढकलत असेल तर काय होईल? म्हणून इन्व्हर्टर मुद्दामच थांबतो. तो दोष नाही. तुमच्याकडे बॅटरीचा जुना इन्व्हर्टर आहे, तो असू दे तसाच. हायब्रिड इन्व्हर्टरच्या नादी लागू नकोस. लातुरात सलग किती तास लाइट जाते, तू सांग.

आता सावली. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण इथे मी स्वतः फसले.

आमच्या गच्चीवर २०२१ साली तीन किलोवॅट बसले. तेव्हा अनुदान वेगळं होतं, ठरवून दिलेल्या किमतीच्या ४० टक्के. पाहणीला माणूस आला तो मे महिन्यात. दुपारचे साडेबारा. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो. सूर्य बरोबर डोक्यावर, स्वतःची सावली पायाखाली. तो म्हणाला, "मॅडम, गच्ची एकदम क्लिअर आहे." आणि मी, जिने एकतीस वर्षं पोरांना टॅन थीटा शिकवला, मान डोलावली.

पाण्याची टाकी नैऋत्येला आहे. वास्तुशास्त्राप्रमाणे, सगळ्यांची असते तशी. तुझीही तिथेच आहे, वास्तुशांतीला पाहिली मी. टाकी पाच फूट उंच. डिसेंबरात दुपारी सूर्य वर चढून चढून चढतो किती, तर अठ्ठेचाळीस अंश. ऐन मध्यान्हीलाच टाकीची सावली साडेचार फूट पडते. दुपारी चार वाजता सूर्य बावीस अंशांवर उतरलेला असतो आणि सावली बारा फुटांवर जाते, आणि जाते कुठे, तर ईशान्येकडे. म्हणजे जिथे मोकळी जागा म्हणून पॅनेलं मांडली बरोबर तिथेच. पॅनेलं एकमेकांना माळेसारखी जोडलेली असतात. सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी फटका त्या कोपऱ्यापुरता राहत नाही, माळेला जाणवतो. माझ्या वहीत त्या डिसेंबरात रोजचा आकडा घसरलेला दिसतो, आणि मी पंधरा दिवस धुक्याला दोष देत होते. मग एका दुपारी शेंगदाणे वाळत घालायला वर गेले, तर टाकीची सावली कोपऱ्यातल्या दोन पॅनेलांवर मांजरासारखी पसरलेली.

टाकी हलवायला आतोबा तयार नव्हते. नैऋत्य ती नैऋत्य. शेवटी दोन पॅनेलं उचलून पूर्वेकडे नेली, साडेचार हजार रुपये गेले, आणि गच्चीला नवीन भोकं पडली ती वेगळीच. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या एका भोकाने खालच्या खोलीत ओल आणली. म्हणून तुला सांगते: सांगाड्याचे पाय स्लॅबला भोकं पाडून बसवू देऊ नकोस, सिमेंटचे ठोकळे ओतून त्यावर उभे करायला सांग, आणि सांगाडा गरम गॅल्वनाइज केलेलाच, रंग मारलेला नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आठवते ना? माझ्या दादाचा गहू आडवा झाला ती. पॅनेलची काच पंचवीस मिलिमीटरच्या गारेच्या माऱ्यावर तपासलेली असते. लिंबाएवढी गार आली तर देवाची मर्जी, त्यासाठी घराच्या विम्यात सोलर लिहून घे. पॅनेलं दक्षिणेकडे तोंड करून, उतार अठरा-वीस अंशांचा. आपला अक्षांश जवळपास तेवढाच आहे, म्हणून.

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. अनुदान हवं तर पॅनेल भारतात बनलेल्या सेलचंच लागतं, बिलावर तसं लिहून घे. इन्व्हर्टर पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात लावू देऊ नकोस, जिन्याखाली लाव. अर्थिंगचे तीन खड्डे वेगवेगळे हवेत, वीज पडण्याचा एक, गच्चीकडचा एक, घराकडचा एक. "एकच पुरतो सर" म्हणेल, पुरत नाही. उन्हाळ्यात त्यांत पाणी ओतत जा. पॅनेलं पहाटे पुसायची, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आणि बोअरचं पाणी वापरू नका, क्षाराचे पांढरे डाग बसतात ते घासून निघत नाहीत. सगळे पैसे आगाऊ देऊ नकोस. अनुदान तपासणी होऊन प्लांट सुरू झाल्यावर तुझ्या खात्यात जमा होतं, विक्रेत्याच्या नाही. दहा किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक तपासणीसाठी अर्ज अडवून ठेवता येत नाही, फेब्रुवारी २०२४ पासून तसा नियम आहे, तेव्हा "साहेबांना बघावं लागेल" म्हणत कुणी पैसे मागितले तर देऊ नकोस. सौर साहित्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. तुझ्या कोटेशनमध्ये जुनाच लावलाय, तिसऱ्या पानावर खाली. आणि मुख्य म्हणजे वीजबिल कुणाच्या नावावर आहे ते बघ. माझ्या आठवणीप्रमाणे अजून बिल्डरच्याच नावावर आहे. आधी ते बदल. निम्मे अर्ज तिथेच अडकतात.

तुला वाटेल आत्या नुसता पैशांचाच हिशेब सांगते. मग एक दुसरा हिशेब ऐक. आतोबा परळीच्या औष्णिक केंद्रात होते. जुलै २०१५ मध्ये तिथले संच बंद झाले, ते कोळसा नव्हता म्हणून नाही, पाणी नव्हतं म्हणून. कोळशाची वीज म्हणजे शेवटी पाण्याची वाफच. त्याच वर्षी केंद्र सरकारने जुन्या केंद्रांना मर्यादा घालून दिली: एका मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटरपेक्षा जास्त पाणी वापरायचं नाही. म्हणजे युनिटमागे साडेतीन लिटर, तेही नियम पाळला तर. पुढच्या एप्रिलात तुमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तू तेव्हा पुण्यात होतास, तुझी आई घागर घेऊन टँकरच्या रांगेत होती. तुझे दोन किलोवॅट महिन्याला २४० युनिट करतील, साडेतीनने गुण. ८४० लिटर. गाव पाण्याच्या रेल्वेची वाट बघतं ते ज्याने पाहिलंय, त्याला हा आकडा लहान वाटणार नाही.

राज्यात ऊन किती आहे, याचाही एक आकडा मोठमोठ्या भाषणांत येतो. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१४ साली महाराष्ट्राची क्षमता ६४.३२ गिगावॅट काढली, राजस्थानची १४२.३१. पडीक जमिनीच्या तीन टक्क्यांवर पॅनेलं मांडली तर, असं ते गणित आहे. पडीक हा शब्द सातबाऱ्यावर फार सोपा दिसतो. ज्या धनगराची मेंढरं तिथे चरतात त्याला विचारलं तर तो वेगळा शब्द सांगेल. म्हणून मला गच्चीवरचा सोलर आवडतो. गच्चीवर कुणाची मेंढरं चरत नाहीत.

यावरून दादाचं आठवलं. त्याला माळाची चार एकर सौर कृषी वाहिनीला भाड्याने द्यायची आहेत म्हणे. त्या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं आहे, दरवर्षी तीन टक्के वाढ. त्या माळावर ज्वारी काढून एवढे पैसे त्याला कधी मिळाले नाहीत, हे मी बहीण म्हणून सांगू शकते. दे म्हणावं, पण करार मराठीत वाचून घे, मुदत किती वर्षांची ते बघ, आणि ओढ्याकडची वाट कराराबाहेर ठेव. आणि सौर पंप घेतला तर त्याला माझा एकच निरोप: दिवसभर फुकट पाणी उपसता येतं म्हणून उसाचा विचार करू नको. बोअरला ऊन पोचत नाही. रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीने मोटर चालू करायला जाणं सुटलं, हेच त्याचं मोठं सुख.

तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या सुमनबाईंनाही विचार. त्यांचं बिल शंभर युनिटांच्या आतलं असणार. मी वर मांडलेल्या गणिताने त्यांना सोलर परवडला नसता. सगळी युनिटं स्वस्त पायरीवरची. पण राज्याने २०२५ साली अशांसाठीच स्मार्ट नावाची योजना काढली. एक किलोवॅट, पन्नास हजारांचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाने २,५०० भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाने ५,०००, इतरांनी १०,०००. अडचण छपराची आहे. पत्र्याचं घर असेल तर पत्रा आणि खालचे अँगल वजन पेलतील का, हे कुणीतरी जाणत्याने पाहायला हवं. तू इंजिनिअर आहेस, रविवारी अर्धा तास जाऊन बघ. अर्ज मुग्धा भरून देईल. त्यांना मोबाइलवर ओटीपी आला की तो कुणालाही सांगायचा नाही, हे मात्र दोनदा बजाव. अनुदानाच्या नावाने फोन करणारे चोर गल्लीगल्लीत झालेत.

आता तुझं काम. २१ तारखेला रविवार आहे आणि तो वर्षातला सर्वांत लहान दिवस. खडू घेऊन गच्चीवर जा. सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या नारळाची सावली फरशीवर आखून घे, आणि मुग्धाला वरून फोटो काढायला सांग. नारळ विसरू नकोस, तो वाढतोय. आणि गेल्या बारा महिन्यांची बिलं पाठव. सरासरी नको, एकेक महिन्याचं वेगळं हवंय. मेमध्ये तुम्ही किती वापरता आणि जुलैत किती, ते मला बघायचंय. तोवर त्या माणसाला टोकन देऊ नकोस.

मुग्धाला आशीर्वाद. तिला म्हणावं, शेंगदाण्याची चटणी केली आहे, दादा येईल त्याच्याबरोबर पाठवते.

तुझी,
आत्या

ता. क. कोटेशनच्या शेवटच्या पानावर "पंचवीस वर्षांची गॅरंटी" लिहिलंय. ती पॅनेलच्या उत्पादनाची आहे. इन्व्हर्टरची किती, ते विचार आणि लेखी घे. माझा चौथ्या वर्षी गेला होता.